बहात्तर नंबरचा शर्ट

ऑरिन हालव्हरसनचं वजन एकशे बेचाळीस किलो. तरी अमेरिकन फुटबॉलच्या निवडीचे तीन दिवस तो कुणाच्या डोळ्यांत भरला नाही. सात फेऱ्यांत क्लबांनी अडीचशेवर कॉलेजची पोरं उचलली. साऊथ डकोटातल्या घरी आईनं रांधलेले बटाटे आणि हॅम पाहुण्यांनी संपवले आणि मान खाली घालून ते घरी गेले. शेवटी ओहायोतल्या एका क्लबाचा फोन आला, "सरावाला ये, बघू."

तिथं कपडे बदलायच्या खोलीत शेजारच्या खणात केड रॅदरफोर्ड, पहिल्या फेरीत उचललेला. काम दोघांचं एकच: अंगावर येणाऱ्याला थोपवायचं आणि मागे उभ्या, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायचं.

जादा पोरं घरी पाठवायच्या, म्हणजे छाटणीच्या, आदल्या दिवशी क्लबाचे मालक सराव बघायला आले आणि नेमका केडचा बहात्तर नंबरचा शर्ट फाटला. कपडे सांभाळणारा व्हर्जिल धावत आला.

"पहिल्या फेरीचं पोरगं फाटक्यात? ऑरिन, काढ तुझा. तुला कोण बघतंय?"

सरावाच्या शर्टांवर नाव नसतं आणि हेल्मेटात चेहरा दिसत नाही. केड चौसष्ट झाला, ऑरिन फाटका बहात्तर.

संध्याकाळी कोच ब्रँटलींनी सगळ्या पोरांसमोर सरावाचा व्हिडिओ लावला. चौसष्ट दोनदा पाठीवर आडवा. "न निवडलेला माल," कोच म्हणाले. बहात्तरनं समोरच्याला रेटत नेऊन पाण्याच्या टेबलावर बसवलं. "ही पहिली फेरी. असे पाय जन्मालाच यावे लागतात."

आपल्या पायांची अशी स्तुती ऑरिननं आयुष्यात ऐकली नव्हती. वाकून त्यानं आपले पाय बघून घेतले. केड मात्र सरळ पोरगा.

"कोच, चौसष्ट मी होतो. आम्ही शर्ट बदलले होते."

कोचनी व्हिडिओ मागे नेला. "मग नीट बघा. पडतानासुद्धा ढुंगण किती खाली ठेवलंय. याला म्हणतात पाया. आणि इथं टेबलापाशी समोरचा घसरलाय."

"मी घसरलो नाही कोच," समोरचा, म्हणजे डिमार्कस, मागच्या बाकावरून म्हणाला. "त्यानं नेलं मला."

"तू घसरलास."

सकाळी ऑरिनला निरोप आला, "कोचनी बोलावलंय. टॅब घेऊन ये." क्लबाचे डावपेच त्या टॅबमध्ये असतात. तो परत मागितला की माणसाला डच्चू.

"मेहनती आहेस," कोच मनापासून म्हणाले. "फक्त केडसारखं पडायला शीक."

ऑरिनला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. टॅब ठेवून तो बाहेर आला. केड भिंतीला टेकून उभा होता.

"मी बोलायला नको होतं का रे?"

"बरं केलंस. पण उजवा पाय उशिरा टाकतोस. आधी टाक, पडणार नाहीस."

केडनं तिथंच टाकून बघितला. ऑरिननं बॅग खाली ठेवली आणि त्याला पुन्हा टाकायला लावला.