ह्यांच्या सिनेमातलं धुकं

माझं लग्न झालं तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि सांगलीत आमच्या ह्यांचा दरारा होता. हे हायस्कुलात मराठी शिकवीत आणि गावातल्या एका साप्ताहिकात सिनेमावर लिहीत. कागदाच्या टंचाईनं त्या साप्ताहिकाची पानं कमी झाली, बाजारभावसुद्धा आखडले, पण ह्यांच्या रकान्याला संपादकांनी कात्री लावली नाही. लोक आधी तोच वाचायचे. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेला बोलपट सांगलीला आला, की हे त्याला खाली उतरवून ठेवीत.

मी साताऱ्याजवळच्या खेड्यातली, पेन्शनर सुभेदाराची मुलगी. सासरी आल्यावर ह्यांचं पहिलं परीक्षण वाचलं ते एका फार गाजलेल्या संतपटावरचं. त्या बोलपटाला लोक चपला बाहेर काढून बसत. ह्यांनी लिहिलं होतं, "नायकाच्या मुद्रेवर कसलाच भाव नाही. सर्व काही जणू धुक्यात घडते. भक्तीला एवढे धुके कशाला?" मग एक ऐतिहासिक बोलपट आला. त्यातली लढाई पाहायला तासगावहून बैलगाड्या भरभरून माणसं आली. ह्यांनी लिहिलं, "कोण कोणास मारतो हे अखेरपर्यंत उमगत नाही." त्यानंतर एक सामाजिक. त्यातल्या नायिकेच्या डोळ्यांतल्या पाण्यानं म्हणे सगळं पुणं हळहळलं होतं. हे एका ओळीत मोकळे झाले, "ती रडते असे ऐकतो, आम्हास दिसले नाही."

गावात म्हणायचे, मास्तरांची नजर लय कडक.

मलाही तेच वाटे. घरी हे साप्ताहिकाची प्रुफं नाकाला लावून तपासायचे. इतका बारीक टाइप, पण एक अनुस्वार सुटायचा नाही. ज्या माणसाला टिंब दिसतं त्याला बाकीचं दिसत असणारच, हे मी धरूनच चालले होते.

टॉकीजच्या मॅनेजरांनी ह्यांना पास दिला होता. मानाची, गादीची खुर्ची, अगदी शेवटच्या रांगेत. बायकांची बाजू वेगळी, लाकडी कठड्याच्या पलीकडं. मी पहिल्यांदा ह्यांच्याबरोबर सिनेमाला गेले तेव्हा मध्यंतरात दिवे लागले, मी कठड्याशी येऊन, पदर सावरल्याचं निमित्त करून, ह्यांच्याकडं बघून हसले. नवं लग्न होतं. ह्यांनी सरळ माझ्याकडं पाहिलं आणि कोरा चेहरा ठेवून मान वळवली.

शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण गं ते?"

"कोण जाणे," मी म्हटलं.

घरी येऊन मोरीत तोंड धुता धुता रडून घेतलं. वाटलं, गाजलेल्या बोलपटांसारखंच आपलंही ह्यांनी परीक्षण केलं आणि आपणही काही उतरलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, मला भेटायला आले. आम्ही दोघं त्यांना आणायला स्टेशनवर गेलो. गाडी थांबली. हे लगबगीनं पुढं झाले आणि आबांच्या शेजारून जाऊन पलीकडच्या एका फेटेवाल्याच्या पाया पडले. त्यानंही आशीर्वाद दिला. कुणाला नको असतो नमस्कार? ह्यांनी त्याची वळकटी उचलली तेव्हा मात्र तो ओरडला.

टांग्यात बसल्यावर आबा माझ्या कानाशी म्हणाले, "पेन्शनीत मानूस वाळतंय, कबूल. पर जावयानं वळखूबी नये?"

"लिहिण्याच्या विचारात असतात," मी म्हटलं.

त्या रविवारी दुपारच्या खेळाला हे आबांना घेऊन गेले. मीही गेले. त्या वर्षी सगळीकडं वाखाणलेला पौराणिक बोलपट लागला होता, आणि ह्यांनी आदल्याच अंकात त्याला झोडपला होता. राजपुत्र, घोडे, हिमालय, ऋषी, असं सगळं त्यात होतं. आबांनी पहिला अर्धा भाग तोंड उघडं ठेवून पाहिला. मध्यंतरात दोघं समोरच्या चहाच्या दुकानात गेले. मी बायकांच्या दाराबाहेर वाऱ्याला उभी राहिले. आबांचा आवाज परेडवरचा. रस्त्याच्या अलीकडं शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"पाव्हणं, तुमी पेपरात धुकं धुकं लिवलंय. कुठं हाय धुकं? मला तर घोड्याच्या पायाचा नालसुदीक दिसला."

"मामा, कलेकडं बघायची दृष्टी निराळी असते."

"दृष्टी आसंल निराळी. पर घोडा त्योच न्हाई का?"

दुकानातली माणसं हसली. ह्यांचा आवाज चढला. "म्हणजे मला दिसत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"म्या कुठं म्हनलो? समोर भिंतीवर काय लिवलंय तेवढं वाचा."

"भिंतीवर काही लिहिलेलं नाही."

चहावाला हातातली किटली तशीच धरून थांबला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, त्यो तुमच्याच पेपराचा बोर्ड हाय की. तुमचं नावबी हाय त्याच्यावर."

आता आबा उठून उभे राहिले. पलटणीत त्यांनी भरतीच्या पोरांची नजर तपासताना पुष्कळदा पाहिलं होतं, तोच थाट त्यांनी धरला. "बरं, त्ये ऱ्हाऊ द्या. थेटराच्या दारापाशी तांबडं काय दिसतंय?"

ह्यांनी डोळे बारीक केले. "पोस्टाची पेटी."

"नीट बघा."

"पेटीच आहे! मी रोज या रस्त्यानं जातो."

"आवं पाव्हणं," आबा म्हणाले, "ती माझी लेक हाय!"

मी त्या दिवशी तांबडं इरकली लुगडं नेसले होते. सगळ्या दुकानानं माझ्याकडं वळून पाहिलं. हसण्याचा असा काही गदारोळ उठला की टांगेवाल्याचं घोडं बुजलं. हे उठून ताडताड घराकडं निघाले, वाटेत मला ओलांडून गेले, आणि पुन्हा मागं येऊन म्हणाले, "तूच आहेस ना? चल."

मला खरं म्हणजे राग यायला हवा होता. पण मला तो कठड्याजवळचा प्रसंग आठवत होता. ह्यांनी मान वळवली ती मला पाहून नव्हे. ह्यांना मी दिसलेच नव्हते! इतका आनंद मला हळद लागली तेव्हाही झाला नव्हता. लोक हसत होते आणि त्या घोळक्यातून मी मान ताठ करून चालले होते.

हे चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आबा त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. हे पळून जातील या भीतीनं आबा दवाखान्याच्या दारातच बसले म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, "इतकी वर्षं रस्त्यानं चालत कसे होता?"

"सवयीनं," हे म्हणाले.

चष्मा तयार होऊन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि हे सोप्यावर. ह्यांनी काड्या कानामागं अडकवल्या आणि माझ्याकडं पाहिलं. एवढा मोठा टीकाकार, आणि आज पहिल्यांदा लांबून नीट बघतोय.

बराच वेळ बघून म्हणाले, "तू हसतेस होय?"

"रोजच हसते."

"मला वाटायचं, तू दारात रागानं उभी असतेस. म्हणून मी इकडं बघायचंच टाळायचो."

आबा तंबाखू मळत होते, ते उगीचच अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत मागच्या बाकावरची पोरं चिंचोके खेळताना सापडली. गेले कित्येक महिने ती बिनघोर खेळत होती. त्यानंतर हे टॉकीजवर गेले. मॅनेजर काकुळतीला येऊन म्हणाले, "मास्तर, तुमच्या त्या धुक्यापायी मी मशीनची भिंगं पुसून पुसून झिजवली. पडदा दोनदा रंगवला. ऑपरेटर तर म्हणतो, मी नोकरीच सोडतो." ह्यांनी त्या ऑपरेटरची वर केबिनमध्ये जाऊन माफी मागितली आणि तोच पौराणिक बोलपट पुन्हा पाहायला बसले.

नवं परीक्षण आलं. "छायाचित्रण अत्यंत स्वच्छ आहे. इतके स्वच्छ, की ऋषींच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा वण दिसतो, आणि हिमालयाला उजव्या अंगास घडी पडलेली आहे."

मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. "धुकंच बरं होतं," म्हणाले.

पुढं मग असंच चाललं. जगानं गौरवलेल्या बोलपटांत ह्यांना आता दाढीचा डिंक दिसे, महालाच्या खांबाला पडलेले पोचे दिसत. मरणाच्या प्रसंगात मेलेल्याचा श्वास चाललेला ह्यांनीच पहिल्यांदा पकडला. आबा साताऱ्याहून कळवायचे, तुमचं वाचून आम्ही सिनेमाला जातो आणि गोष्ट सोडून वणच शोधत बसतो.

युद्ध संपल्यानंतरची गोष्ट. एक साधा बोलपट आला. खेड्यातल्या शिंप्याचं घर, नवराबायको, एक शिवणयंत्र. कुणी बक्षीस दिलं नव्हतं, कुणी नाव घेतलं नव्हतं. ह्यांना तो मनापासून आवडला. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी रकानाभर स्तुती लिहिली, एकही खोट न काढता. मला वाटलं, आता टॉकीजवर झुंबड उडणार.

झालं उलटंच. गावात कुजबुज सुरू झाली, मास्तरांना मॅनेजरनं खिशात घातलं. कुणी म्हणे पिच्चर पडलेला असणार, म्हणून तर मास्तरांकडून लिहून घेतलं. चहावाल्यानं तर तोंडावरच विचारलं, "मास्तर, तब्येत बरी हाय न्हवं?"

हे घरी आले, ताटावर बसले, आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "वाईट लिहिलं तर तिकिटं काढून खात्री करायला जातात. चांगलं लिहिलं तर घरी बसतात."

"मी कुठं बसते? मला नाही का बघायचा?" मी म्हटलं.

संध्याकाळच्या खेळाला गेलो. टॉकीजमध्ये माणसं मोजकीच. बायकांच्या बाजूला तर कुणीच नव्हतं. मी नेहमीप्रमाणं कठड्याकडं वळले, तर डोअरकीपर म्हणाला, "वैनी, तिकडं एकट्या कशाला बसताय अंधारात? बसा की मास्तरांच्या शेजारी. कोन बघतंय?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी गादीची खुर्ची मला दिली आणि स्वतः शेजारच्या लाकडी खुर्चीवर बसले. बोलपट खरंच छान होता. शिंप्याची बायको आजारी पडते तिथं मला हुंदका आवरेना. हे पडदा सोडून माझ्याकडंच बघत राहिले, आणि शेवटी चष्मा काढून स्वतःच्या उपरण्यानं आधी काचा पुसल्या, मग तेच उपरणं माझ्यापुढं धरलं.