वरच्या खोलीतला भाडेकरू

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट माहीत नाही.

मी रोज सकाळी वीस मिनिटं बसतो. श्वास मोजतो — एक ते दहा, चुकलं की पुन्हा एकपासून. कंपू या आमच्या वस्तीतले — या हिंदी मुलखातल्या शहरात इथे बरीच मराठी घरं आहेत — शेजारी म्हणतात, तुम्ही फार शांत झालात. रक्तदाब वाढला होता तेव्हा हे मला ऑफिसातल्या गजभियेंनी शिकवलं. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला राहतात. बुद्धपौर्णिमेला ते मला विहारात घेऊन गेले. सगळ्यांबरोबर मीही पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. परतताना ते म्हणाले, "नुसता श्वास दिसून काय होणार, भाऊ? समोरचा माणूसही दिसायला हवा ना." मी मान हलवली.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या मुलीला कंपूतल्या एका रुग्णालयात नर्सची नोकरी लागली. मुरारहून येताना सवारीचे दोन टेम्पो बदलावे लागत. माझी वरची खोली रिकामी आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी संकोचत विचारलं. मी म्हणालो, "अरेरे, कालच दिली."

का म्हणालो? फाटकावर तिच्या आडनावाची पाटी लागेल, आमचे मराठी लोक येता-जाता वाचतील — एवढंच मनात आलं. एका श्वासाच्या आत.

मग ते खोटं सांभाळणं आलं. मुलीला घ्यायला गजभिये संध्याकाळी ऑफिसातून आमच्याच रस्त्याने चालत येत, मग दोघं टेम्पोने परतत. म्हणून मी वर पडदा लावला, दोरीवर टॉवेल टाकला, रोज सात वाजता जाऊन दिवा लावू लागलो. घरी सांगितलं, चोरांची भीती वाटते. अकरा महिने — एक दिवस चुकला नाही.

एकदा गजभिये हसत म्हणाले, "तुमच्या भाडेकरूलाही शिकवा की श्वास मोजायला."

"तो उशिरा उठतो हो," मी म्हणालो.

त्यांना कळलं होतं का? — मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

अकराव्या महिन्यात मुलीनं नोकरी सोडली. रोजचे चार टेम्पो तिला झेपेनात, असं त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळपासून मी दिवा लावणं बंद केलं.

तुम्हाला वाटेल, घरातून विरोध असेल. तेव्हा आई होती, जुन्या वळणाची; तिचं नाव पुढे करणं सोपं आहे. पण मी आईला विचारलं नव्हतं. बायकोलाही नाही. घरात कोणालाच विचारलं नव्हतं.