पाडव्याचं तेल

नेरूळला राहत होतो त्या वर्षांत माझी बायको रोज सकाळी माझ्या पाठीवर झोपायची. ती उरणच्या एका शाळेत शिकवायची, मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागद पुढे सरकवायचो. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, म्हणून चारला उठायचं. पाणी, दोन डबे, तिच्या वह्या, माझी फाईल. मग मोटरसायकल. बेलापूर मागे पडलं की तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकायचं. उजव्या हाताने माझा पट्टा धरलेला असायचा आणि तो हात झोपेतही सुटत नसे. दिवसभरात तेवढीच तिची हक्काची विश्रांती होती, आणि ती मला देता येत होती याचं मला मनातून फार बरं वाटायचं.

तिला पाठीवरून उठवायची ती फक्त गाडी. जुनी, सेकंडहँड टू-स्ट्रोक होती ती. खाडीच्या हवेने गंजलेली आणि भर रस्त्यात प्लग काजळून बंद पडणारी. गाडी बंद पडली की तिला शाळेत उशीर, आणि उशीर झाला की मस्टरवर लाल शेरा. ती अजून कायम झाली नव्हती. मुख्याध्यापिका बाई ते शेरे मोजत असत.

स्टेशनजवळ ताडपत्रीखाली एक मेकॅनिक बसायचा. परभणीकडचा, हाताला चांगला, पण दुकान उघडायचा दहाला. आम्ही सहाला निघणार. गाडी ठेवून जायचं म्हणजे दिवसभराची बोंब. शेवटी तोच वैतागला. "साहेब, एवढ्याशा कामासाठी माझ्याकडं कशाला येता? इथं बसा, बघा आन् शिका. टेन्शन संपलं."

मग चार रविवार मी त्याच्या शेजारी पाटावर बसलो. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची गॅप दाढीच्या ब्लेडने बघायची. चेन दोन बोटं खेळली पाहिजे. ॲक्सिलरेटरची केबल मुठीपाशी सोडवायची, तिच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून तिच्यात तेल भरायचं आणि ते निथळत खाली जाऊ द्यायचं. "इंजिनचंच ऑइल," तो म्हणाला होता. मी मान डोलावली होती. अर्धं शिकलेला माणूस फार जोरात मान डोलावतो.

शिकलो मात्र. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बनियनवर बसून गाडी उघडायची म्हणजे मला कोण रुबाब वाटायचा! दमलेलो असायचो, पण हे काम माझं होतं. ऑफिसातलं कुठलंच काम माझं नव्हतं.

त्या दिवाळीत पाडव्याला बायकोने रीतीप्रमाणे मला तेल लावून न्हाऊ घातलं. दुपारी गाडी धुतली, हार घातला. म्हटलं, केबलमध्ये तेलही सोडू. डबा हलवून बघितला तर इंजिन ऑइल संपलेलं आणि दुकानं बंद. मोरीत सकाळची वाटी तशीच होती, तिच्या हातून उरलेलं खोबरेल तिच्यात होतं. मला तर ते शुभच वाटलं. पिशवी बांधली आणि वाटी रिकामी केली.

मूठ लोण्यासारखी फिरायला लागली. दोन दिवसांनी बायको मागून म्हणाली, "अहो, गाडीला तुमच्या डोक्याचा वास येतोय." मी नुसता हसलो. काय केलं ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने वाटीबद्दल बोलून घेतलं असतं.

जानेवारीत थंडी पडली. आमच्याकडची थंडी ती काय, पण त्या सकाळी मिठागरांवरून बोचरा वारा येत होता. निघतानाच मूठ जड लागली. मी दामटून फिरवली. गव्हाण फाट्यापुढे एका कंटेनरच्या ट्रेलरमागे होतो, पाठीवर कपाळ टेकलेलं होतं. ओव्हरटेक करावं म्हणून मूठ पिळली, तेवढ्यात ट्रेलरने ब्रेक मारला. मी मूठ सोडली. मूठ परत आलीच नाही.

इंजिन किंचाळत होतं, मी दोन्ही ब्रेक दाबले होते, तरी गाडी पुढेच ओढत होती. चावी फिरवायचं सुचलं तोपर्यंत आम्ही डावीकडच्या चिखलात आडवे झालो होतो. ट्रेलरचं मागचं चाक माझ्या गुडघ्यापासून हातभरावर होतं. तो निघून गेला, त्याला काही कळलंही नाही. तिला लागलं नव्हतं. ती चिखलात बसून पोरांच्या वह्या गोळा करत होती. मला रडू येत होतं. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती.

मी मूठ उघडली. केबलच्या तोंडाशी पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. ती उठून आली, ते बोटावर घेतलं, वास घेतला.

"खोबरेल?"

मी केबलचं तोंड पुसायला लागलो.

"दर थंडीत मी बाटली उन्हात ठेवते ती काय शोभेला? रोज तुमच्या डोळ्यांसमोर थिजतं ते. एका शब्दाने विचारायचं तरी!"

मागून आलेल्या एसटीला हात करून ती गेली. त्या दिवशी तिला लाल शेरा मिळाला. मी केबल रॉकेलने धुतली, मेकॅनिककडून इंजिन ऑइल आणून भरलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही, आणि ते जास्त लागलं.

आठवडाभर ती एसटीने गेली, लोंबकळत. मग एका सकाळी खाली आली, स्वतः मूठ पिळून सोडली. टक्‌कन परत आली. पुन्हा एकदा पिळून बघितली, मगच बसली. पुढे हे रोजचंच झालं. माझा पट्टाही धरायची, पण ताठ बसून, डोळे उघडे ठेवून. मी आरशात बघायचो. चार वाजता उठलेली बाई उरणपर्यंत जागी राहायची, आणि ती माझ्यामुळे जागी होती. गाडी त्यानंतर वाटेत कधी बंद पडली नाही. मी दर रविवारी तिला उघडायचो, पण आता त्यात रुबाब नव्हता.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. त्या आठवड्यात एकदा, जासईच्या अलीकडे, पाठीवर काहीतरी टेकलं. आधी मला वाटलं, वहीचा कोपरा असेल. मग वजन वाढलं. मूठ माझ्या हातात अगदी हलकी होती. मी ती हळूहळू सोडत गेलो, खड्डे चुकवत, सायकलवाल्यांनासुद्धा पुढे जाऊ देत. शाळेच्या फाटकापाशी गाडी उभी केली तेव्हा घंटा होऊन दहा मिनिटं झाली होती. तरी मी तिला उठवलं नाही.

जागी झाल्यावर ती माझ्याशी कडाक्याचं भांडली. लाल शेरा मिळालाच.