तांबडे आपले, पिवळे परके

आटपाट नगर नव्हतं, स्वोर्ड्स नावाचं गाव होतं, डब्लिनच्या विमानतळाला लागून. तिथं माझा धाकटा मुलगा नितीन राहत होता, कंप्युटरच्या नोकरीत, आणि मी देशातून त्याच्याकडं राहायला गेले होते. तिथून गाडीनं तासाभरावर मलिंगार नावाचं दुसरं गाव होतं. तिथं इस्पितळात डॉक्टर गोगटे होते, त्यांची बायको शीलाताई होती आणि एकुलती लेक केतकी होती. केतकीला नितीन पसंत होता, नितीनला केतकी पसंत होती. मग अडलं कुठं? अडलं एका फुटबॉलच्या क्लबापाशी.

आता काय सांगू तुम्हाला, तिथं माझी जी शोभा झाली ती झाली, पण आधी माझा राग ऐका. साल सोळा-सतराचं असेल, म्हणजे काही आजची गोष्ट नाही. राग मात्र आजचाच आहे.

हे डॉक्टर तरुणपणी इंग्लंडात नोकरीला होते. तिथल्या एका क्लबाचं वेड डोक्यात घेऊन आयर्लंडात आले आणि ते उतरलंच नाही. तसं तिथं सगळ्या देशालाच हे वेड. शेजारच्या इंग्लंडाशी जुनं वैर, त्याच्या कथा सांगताना माणसं दात ओठ खातात, आणि शनिवार आला की त्याच इंग्लंडातल्या क्लबांचे शर्ट घालून रडायला बसतात. आमच्याकडे बांधावरून कोर्टात जातात, पण शेजाऱ्याच्या बैलासाठी शर्यतीत कुणी ऊर बडवत नाही.

त्या साली डॉक्टरांचा क्लब घसरत होता. सगळ्यांत वरच्या वर्गात वीस क्लब, आणि वर्षाच्या शेवटी तळातले तीन नापास करून खालच्या वर्गात ढकलतात, हे मला नितीननं समजावलं. आमचा क्लब दसऱ्यापासून तळातच. कुस्तीत माणसं हरतात, पण अंगाला माती लागल्यावर. हे मैदानात उतरतानाच हरलेले. दिवाळीत मॅनेजर काढला, संक्रांतीला दुसरा आणला, त्याचाही तोच प्रकार.

आणि डॉक्टरांचा नियम काय? क्लब घसरत असताना घरात शुभकार्य काढायचं नाही. मागं एकदा अशाच वाईट वर्षी त्यांनी घर घेतलं होतं, तर छप्पर गळायला लागलं म्हणे. अहो, आयर्लंडात छप्पर गळणार नाही तर काय होणार? पण नाही. क्लब वाचला की सुपारी फोडू, तोवर विषय काढू नका.

शिकलेला माणूस. लोकांची पोटं उघडून परत शिवतो. मी मांजर आडवं गेलं म्हणून दोन मिनिटं थांबले तर अडाणी, आणि हे अकरा परक्या पोरांच्या लाथांवर लेकीचं लग्न टांगून ठेवतात तर ते हौशी. मी नितीनला म्हटलं, तू पुरुषासारखा जाऊन बोल. तो म्हणाला, "आई, ते ग्रँड आहेत गं. होईल." ग्रँड म्हणजे ठीक, तिथं सगळंच ग्रँड असतं. पाऊस पडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. माझं परतीचं तिकीट जूनचं होतं आणि लग्नाचा पत्ता नव्हता, तेही ग्रँडच.

मग मी ठरवलं, क्लब वाचवायचा. दुसरा इलाज होता का? दर सामन्याला नितीनच्या टीव्हीपुढं बसायला लागले. इंग्रजी अक्षर मला कळत नाही, खेळ त्याहून नाही. नितीननं एवढंच शिकवलं, की आपले ते तांबड्या शर्टातले. बस झालं की. तांबड्यांच्या पायात चेंडू आला की मी देवीचं नाव घ्यायची, दुसऱ्याच्या पायात गेला की बोटं मोडायची. आणि बघा, वसंत लागला तसे तांबडे दोन-तीनदा जिंकले. नितीन म्हणाला, शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली तरी वाचतो.

त्या शेवटच्या सामन्याला डॉक्टरांनी आम्हाला घरी बोलावलं. मी ओल्या नारळाच्या वड्या केल्या, डबा मांडीवर घेऊन मलिंगारला गेले. दारातच शीलाताईंनी हळूच नियम सांगितले. सामना सुरू झाला की कुणी बोलायचं नाही, कुणी जागा बदलायची नाही. बोललं की क्लब हरतो. त्या बिचारीनं लग्न झाल्यापासून दर शनिवारी मौन पाळलेलं. डॉक्टरांनी मला खुर्ची दाखवली, नितीनला कोपरा दाखवला, आणि आम्ही आलोय हे विसरून गेले. चहा नाही, पाणी नाही. मी गिळलं सगळं. मनात म्हटलं, आज तांबडे वाचू देत, मग बघते तुझ्याकडं.

सामना सुरू झाला. एकीकडं तांबडे, एकीकडं पिवळे. मी डोळे मिटून जप धरला. थोड्याच वेळात आरडाओरडा झाला, डोळे उघडून बघते तर तांबड्यांनी गोल केलेला. मी एक टाळी वाजवली. डॉक्टरांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या ऑपरेशनात शिंकले. नितीननं तिकडून मान हलवली. मला वाटलं, नियम मोडला म्हणून. बरं बाबा, म्हटलं, मनातल्या मनात वाजवते.

पण त्या घराला आनंद म्हणून होईना. डॉक्टर घामानं भिजलेले. नितीन नखं खातोय. केतकी छताकडं बघतेय. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून तोंड पाडून बसलेत. शहाणी माणसं, म्हटलं.

अगदी शेवटी शेवटी एक दांडगा पिवळा चेंडू घेऊन सुटला. मध्ये कुणी नाही. समोर एकटा गोलवाला. डॉक्टर अर्धे उठले. माझ्या डोळ्यांपुढं नितीनचं मुंडावळ्या बांधलेलं तोंड आलं आणि ते पिवळं माकड ते पुसायला धावत होतं. इतके महिने गिळलेला राग एकदम घशाशी आला. मी उभी राहिले, टीव्हीपुढं गेले, कडाकडा दहा बोटं मोडली आणि म्हटलं, "पाय मोडला मेल्याचा! जा मसणात!"

आणि खरं सांगते, तो घसरला. चांगला आडवा. चेंडू गेला आभाळात, आणि लगेच शिट्टी वाजली, सामना संपला.

डॉक्टरांचं तोंड उघडं पडलं होतं. मला वाटलं, आनंदानं वाचा गेली. मी डबा उघडला, चांगली मोठी वडी घेतली, आणि त्या उघड्या तोंडात कोंबली. वर म्हटलं, "घ्या व्याही, तोंड गोड करा. वाचवला तुमचा क्लब. आता काढा पंचांग."

कुणी बोलेना. मला वाटलं, अजून बोलायची परवानगी नसेल.

मग केतकी हसायला लागली. अशी हसली, की सोफ्यावरून खाली बसली. म्हणाली, "काकू, आपले पिवळे होते."

"आपले तांबडे," मी म्हटलं. "मला काय खुळी समजलीस?"

तेव्हा नितीननं मला समजावलं. समोरच्यांचे शर्टही तांबडे असले, की जो पाहुणा म्हणून जातो त्यानं आपला रंग सोडून दुसरे कपडे घालायचे. आता मला सांगा, ही कुठली रीत? पाहुण्याला अहेर करतात, का त्याचे कपडे उतरवतात? सबंध सामना मी परक्यांसाठी देवीला साकडं घातलं होतं आणि आपल्याच घोड्याचा पाय मोडला होता. क्लब गेला खालच्या वर्गात.

डॉक्टरांनी वडी गिळली. थुंकता येईना, कारण मी समोर उभी. मग म्हणाले, "आता क्लब वर येईपर्यंत या घरात काही होणार नाही. दोन वर्षं लागोत, पाच लागोत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला. शीलाताईंचा. जी बाई सामन्याच्या दिवशी खोकायलाही माडीवर जायची ती म्हणाली, "मी तुमच्या अकरा जणांसाठी माझी जीभ दिली. लेक नाही देणार. पंचांग आणते, तारीख तुम्ही काढता की मी काढू?"

केतकी बापाच्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तुमचा क्लब हरलाय. आज पहिल्यांदा मी त्याच्या सामन्यात हसले. मला काकूंच्याच घरात जायचंय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग टीव्हीकडं. तिथं तो दांडगा पिवळा अजून गवतात तोंड खुपसून पडलेला. मग ते बायकोला म्हणाले, "काढ तारीख. ही बाई विहीण होऊन आपल्यात असलेली बरी. परकी राहिली तर उरलासुरला क्लबही शिल्लक राहायचा नाही."

लग्न मलिंगारलाच झालं, हॉटेलच्या हॉलमध्ये. नात झाली. शीलाताई आता शनिवारी मोठ्यानं फोनवर बोलतात. देवीनं आमच्या घरी जसं मनातलं केलं तसं तुमच्या घरीही करो, पण एक सांगते, मागताना डोळे उघडे ठेवा.

कारण मंगलाष्टकं सुरू झाली, मी अक्षता उचलल्या, तर डॉक्टरांनी माझा हात धरला. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबा विहीणबाई. आपले ते दोघं. फेटा आणि हिरवी साडी. जेवायच्या वेळी कपडे बदलतील, पण माणसं हीच राहतील. आता टाका."