भुयारातून आलेला अक्काचा फोन

मंडळी, सकाळच्या मेलमध्ये मी लिहिलं होतं की सिंगापूरहून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन आला आणि गाडी भुयारात शिरताच लाईन कटली. ते खरं नाही. लाईन कटली नव्हती, फोन मीच ठेवला.

आमच्या घरी फोन वयाप्रमाणे फिरतो. आधी अप्पा, मग अम्मा, शेवटी मी. माझी पाळी येईपर्यंत लाईन बहुतेक गेलेलीच असते. आज मात्र अक्का जमिनीखालच्या रेल्वेत उभी राहून मोबाईलवर बोलत होती, आणि आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ होता.

"भुयारात फोन लागतो?" अप्पा इतक्या मोठ्याने ओरडले की अर्ध्या जयनगरला कळलं असेल. अम्मा तर कौतुकाने रडलीच.

मग रिसीव्हर माझ्याकडे आला. अक्का हसत म्हणाली, "काय गं भित्रे, आमच्या ऑफिसात जागा निघालीय. या वेळी तरी येतेस का?"

तिथली नोकरी आधी मला चालून आली होती. मी घाबरून नको म्हटलं, म्हणून अक्का गेली. तो भुयारातला फोन माझा असायला हवा होता! "हॅलो, ऐकूच येत नाही," म्हणत मी रिसीव्हर ठेवला.

"सरी, असू दे, भुयारच ना ते," अम्मा म्हणाली. सगळ्यांना पटलं.

तुम्हाला कधी सख्ख्या माणसाचा असा हेवा वाटलाय?

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये रिसीव्हर आधी माझ्याच हातात असेल. तिथून मी अक्काला "येते" म्हणून सांगणार आहे, येत्या रविवारी सकाळी.