आंजीच्या डोहात बुडी, श्वास काठावरच्या बाईचा

ऑफिसात डबा खाताना मी अंदमानचे फोटो दाखवत होते. तीन वर्षांपासून मला सिलिंडर न लावता बुडी मारायचं वेड लागलंय. एक श्वास भरून घ्यायचा, खाली जायचं आणि तेवढ्याच श्वासावर वर यायचं. पाण्यात स्थिर पडून मी सव्वादोन मिनिटं श्वास धरते आणि हे ओळख झाल्याबरोबर सांगते. म्हणजे तुम्हालाही सांगून झालं! फोटो बघून माझी सहकारी प्रतिभा म्हणाली, "माझी मावशी हेच करते. आंजीला, नदीतून शिंपले काढते. लुगडं नेसून." आधी मला हसू आलं. संध्याकाळी मी रजेचा अर्ज टाकला.

पुण्याहून गाडीनं वर्धा, तिथे स्टँडबाहेर तर्री-पोहे (वरचा तिखटजाळ रस्सा, म्हणजे तर्री, जपून घ्या; मी जपून घेतली नाही आणि बराच वेळ नाक पुसत बसले), मग आर्वीकडे जाणारी एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास पोह्यांपेक्षा फार महाग पडत नाही. आंजी, म्हणजे ‘आंजी मोठी’ हे गाव, साधारण पाऊण तासावर. जायचं तर होळीनंतर लगेच. तेव्हा नदीचं पाणी उतरून निवळलेलं असतं आणि ऊन अजून माणसात असतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. समुद्राची ओढ असलेल्या बाईनं सुट्टी घालवायला इथे यावं, याचं माझं मलाच नवल वाटत होतं.

शेवंतामावशी पन्नाशीची, ठेंगणी, बोलायला मोकळी. तिच्या घरापासून धाम नदी वीस मिनिटं चालत. तिथे एक डोह आहे आणि डोहाच्या कडेला काळ्या खडकाचं छोटं बेट. काठावरून गुडघाभर पाण्यातून तिथे जाता येतं. बेटाच्या पलीकडे पाणी एकदम दोन पुरुष खोल होतं आणि तळाच्या गाळात शिंपले असतात, तळहाताएवढे.

मावशीबरोबर तिची नणंद गिरजाबाई होती. तिला दमा आहे. वाटेत ती चारदा थांबली. मला वाटलं, हवापालट म्हणून आली असेल. पण बेटावर पोचताच ती पाण्याच्या कडेला बसली, दोन गोटे हातात घेतले आणि दोन्ही हात पाण्यात बुडवले. मावशीनं कमरेला पिशवी बांधली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, दोघींनी एकदमच श्वास भरला. मावशी खाली गेली. गिरजाबाई गाल फुगवून बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं पाण्याखाली गोटे एकमेकांवर आपटले, खट्खट्, आणि मावशी लगेच वर आली. पिशवीत पाच शिंपले.

"ह्या काऊन श्वास धरून बसतात?" मी विचारलं. माझी वऱ्हाडी ऐकून दोघी आधी भरपूर हसल्या.

मग मावशी म्हणाली, "खाली गेलं का हाव सुटते बाई. अजून एक दिसते, अजून एक दिसते. आपला श्वास आपल्याले खोटं सांगते. म्हून श्वास वरच्या बाईचा. तिचा सरला का माह्याबी सरला."

"पण मग दमेकरी बाई कशाला? चांगली धडधाकट का नाही?"

"तेच त!" गिरजाबाई म्हणाली आणि तिला खोकला आला, त्यामुळे पुढचं राहून गेलं. मीही परत विचारलं नाही. मनातल्या मनात मी त्या पद्धतीत सुधारणा करून मोकळी झाले होते.

त्या दिवसाचे शिंपले घमेल्यात पाण्यात ठेवले. गाळ सोडायला त्यांना एक रात्र लागते.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाईला कणकण होती. ती नदीपर्यंत आली, पण काठावरच करंजाच्या सावलीत आडवी झाली. मी लगेच म्हटलं, "मावशी, मी बसते ना." मावशीनं क्षणभर विचार केला. "बस. पण ध्यान देजो." मी बसले. हातात गोटे, दोन्ही हात पाण्यात. पहिल्या दोन बुड्यांना मी घाबरून लवकरच ठोकलं. मावशी वर येऊन म्हणाली, "अव, इतक्या लवकर काऊन? श्वास सरू दे ना तुहा."

तिसऱ्या वेळी मी शिकवल्याप्रमाणे नीट श्वास भरला. पोट, छाती, खांदे. डोळे मिटले. मला गंमत वाटत होती हे कबूल करते. श्वास मुळीच संपत नव्हता. इतक्या शांत जागी मी तो कधी धरलाच नव्हता. मी आकडे मोजत होते, चाळीस झाले, साठ झाले, आणि मी खूश होते, कारण आज मावशीला भरपूर वेळ मिळतोय असं मला वाटत होतं.

"ठोक! ठोक ना वो बाई!" काठावरून गिरजाबाई ओरडत होती. ती उठून पाण्यात शिरली होती, लुगड्यासकट. "माहा श्वास कवाचाच सरला!"

मी ठोकलं. मावशी आली, पण आधीसारखी नाही. डोकं वर आलं आणि परत खाली गेलं. मी तिचा दंड धरून ओढलं. ओठ जांभळे, डोळे उघडे पण कुठेच न पाहणारे. मग तिनं एक मोठा, चिरका श्वास घेतला, खडकाला मिठी मारली आणि ओकली. अंदमानात आम्हाला अशा वेळी काय करायचं ते शिकवलं होतं. मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"आवाज आला नाई," मावशी बऱ्याच वेळानं म्हणाली. "मले वाटलं, अजून टाइम हाये."

तिनं स्वतःच्या छातीचं ऐकलं नव्हतं. माझ्यावर सोडलं होतं. आणि गिरजाबाई, तापात, झाडाखाली पडूनसुद्धा सवयीनं प्रत्येक बुडीला श्वास धरत होती. मी तिथे बसून फक्त माझी कसरत केली होती.

त्या संध्याकाळी आदल्या दिवशीचे शिंपले शिजले. उकडून मांस काढायचं, आतली घाण काढायची, मग लसूण, मिरची आणि वरून भरपूर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. ज्वारीची भाकर. चव मातकट, चामट आणि चांगली. दोन घास खाऊन मी थांबले. मी तीनदा माफी मागितली. मावशी म्हणाली, "खाय ना बाप्पा, किती वेळा म्हनशीन!" गिरजाबाई माझ्याकडे न बघता भाकरी मोडत राहिली.

निघायच्या दिवशी सकाळी मावशी पुन्हा नदीवर निघाली. मला वाटलं, मला घरीच ठेवतील. पण गिरजाबाईनंच दारातून हाक मारली. बेटावर पोचल्यावर तिनं मला काठावरच्या चढाकडे बोट दाखवलं. "धाव. वरपर्यंत जा अन् ये. तीनदा." मी धावले. धापा टाकत आले तेव्हा तिनं माझ्या हातात गोटे दिले. "आता बस. आता तू कामाची हायेस." धापेवर धरलेला माझा श्वास कसाबसा वीस आकडे टिकला. खट्खट्. मावशी वर आली, पिशवीत दोन शिंपले, आणि हसली. गिरजाबाई माझ्या शेजारीच बसली होती, स्वतःचे गोटे घेऊन. तिनंही ठोकलं, माझ्या किंचित आधी.

कुणी जाणार असाल तर एवढंच सांगते, तिथे सहल नाही, भाड्याचं सामान नाही, ओळखीशिवाय डोहात उतरू नका. आणि श्वासाचे आकडे सांगू नका.

पुण्यात परत येऊन तीन आठवडे झाले. पोहण्याच्या तलावावर दर रविवारी जाते, पण घड्याळ लावावंसं वाटत नाही. परवा मी मावशीला फोन केला. पुन्हा एकदा माफी मागितली. ती हसली, "अव, मी त कवाचीच भुलली!"

मागून गिरजाबाईचा आवाज आला. तिनं फोन मागून घेतला. दम लागलेला ऐकू येत होता.

"मी नाई भुलली," ती म्हणाली.

मग तिनं विचारलं, जेवण झालं का, पुण्यात ऊन किती आहे, आणि फोन ठेवला. मावशीच्या माफीनं मला हलकं वाटायला हवं होतं. पण धीर वाटला तो गिरजाबाईच्या न विसरण्याचा. मावशी पाण्यात उतरते तेव्हा ती बाई काठावर असते.