मी रडलो नाही त्याचं कारण

शालू, तुझ्या आईनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे एक ब्लँकेट पिळलं. कुवेतला, सबाह अल-सालेम भागात मालकाच्या घरामागे आमची खोली होती, तिच्या दारात. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती पीळ घालायची, मी सोडवायचो.

"अहो, उलटं फिरवा. एवढी वर्षं मालकाची गाडी फिरवता, एक ब्लँकेट फिरवता येत नाही?"

पाणी निघालं, ब्लँकेट वाळत घातलं. दुपारी मालकाच्या किचनात भात उपसताना ती खाली बसली ती उठली नाही. हार्ट, असं डॉक्टर म्हणाला. कागद व्हायला चार दिवस गेले. गावातून आम्ही पुढेमागे निघालो होतो, मी चौऱ्याण्णव साली ड्रायव्हर म्हणून, ती चार वर्षांनी स्वयंपाकाला. परत मात्र एकाच विमानानं आलो, मी वर सीटवर, ती खाली सामानात.

ती गावातून निघाली तेव्हा तू नऊ वर्षांची. पडवीत पाठ करून बसलीस. माझी आई तिला म्हणाली होती, "पोरीकडं बघू नको, पाय निघायचा नाही." तिनं बघितलं नाही. कुवेतला आली आणि महिनाभर तेवढंच बोलत होती, बघायला पाहिजे होतं म्हणून.

तिला जाळली त्या दिवशी माझ्या डोळ्यांतून टिपूस आला नाही. तुझी आत्या चारचौघांत म्हणाली, "कुवेतचं वाळवंट डोळ्यांत घेऊन आलाय हा." तिचं काही नाही, ती बोलतेच. तू माझ्याकडं बघितलंस आणि तोंड फिरवलंस. तेव्हापासून कामापुरतं बोलतेस. म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलेला, चुका काढू नको.

आमच्या मालकाला ससाण्यांचा नाद. एकदा मंगोलियातून चार ससाणे आणले, त्यांच्याबरोबर सांभाळणारा गडी आणि त्याची बायको ओयुना. आमच्या शेजारची खोली त्यांना दिली. ओयुना चहात साखर नाही, मीठ घालायची, आणि दूध म्हणशील तर अर्धं भांडं. तुझ्या आईनं पहिला घोट कुंडीत टाकला. चार महिन्यांनी स्वतःच मागायला लागली. काही द्यायचं-घ्यायचं तर ओयुना उजव्या हातानं, डावा हात कोपराखाली धरून. उंबऱ्यावर पाय देणं त्यांच्याकडंही पाप. आमच्या खोल्यांना उंबरा कुठला, ॲल्युमिनियमची पट्टी होती दारात. ह्या दोघी तीसुद्धा ओलांडून जायच्या. मी म्हणायचो, दोन वेड्या सापडल्या एकमेकींना.

मग ओयुनाची आई वारली. तिला जायला मिळालं नाही. तुझी आई तिच्या खोलीत गेली आणि आपल्याकडच्यासारखा मोठ्यानं गळा काढला. ओयुनानं तिच्या तोंडावर हात ठेवला. तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "रोना नहीं. माँ बहुत दूर जाता. आँसू नदी बनता, माँ कैसे पार जाता?" आणि वाटीत दूध घेऊन बाहेर गेली, चमच्यानं वर उडवलं. जाणाऱ्याची वाट पांढरी व्हावी, असं त्यांच्यात असतं.

त्या दिवशी कांदा चिरताना तुझी आई मला म्हणाली, "मी आधी गेले तर रडू नका हां. खाडीकाठी जन्मले, पण मला पोहता येत नाही."

मी म्हटलं, "तू कुठं जातेस आधी? माझी बीपीची गोळी कोण देणार?"

"हसू नका. कबूल करा."

केलं कबूल. तुझ्या आईची पेटी विमानतळाच्या गाडीत चढवली तेव्हा ओयुनानं गाडीमागं दूध शिंपडलं आणि माझ्याकडं बोट दाखवून नको अशी मान हलवली. मला कळलं. मुंबईपर्यंत, तिथून गावापर्यंत आणि चितेसमोर मी दातांवर दात दाबून उभा होतो. तुला मी दगड दिसलो.

कुवेतला असताना मी ह्या गावाला घर म्हणायचो. आता गावात बसलोय, तर घर म्हटलं की ती मागची खोली दिसते. बाई होती तिथं घर होतं, मला एवढंच कळतं. आता तू आहेस, तर तुझ्या दारात यायला मला लाज नाही.

तिला जाळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुठं गेलो ते तू विचारलं नाहीस. मी जेटीवर गेलो, पहिल्या होडीत बसलो. खाडीला भरती होती. नावाड्यानं विचारलं, "काका, पलीकडं कुणाकडं?" मी नुसते पैसे पुढं केले. तोंड उघडलं असतं तर तिथंच, पाण्याच्या मधोमध, फुटलो असतो. पलीकडं उतरलो. माणसं पांगेपर्यंत थांबलो. काल दुपारी निघाली, चालायला ती चपळ, एव्हाना पाणी ओलांडून गेली असणार, असा विचार केला. मग एका माडाखाली बसलो आणि दुपारची होडी येईपर्यंत रडलो.